खड्ड्यातली तोंडी

“हात लाव, टाले. माती चावत नाही,” पुंडकर सर वरून म्हणाले.

मी खड्ड्याच्या तळाशी उभी होते. हात उंच केला तरी काठाला पोचत नव्हता. काठावर टेबलाला पांढरी चादर घालून दोघे बसले होते. एक आमचे मृदाशास्त्राचे विभागप्रमुख पुंडकर सर आणि दुसरे परगावच्या विद्यापीठातून आलेले परीक्षक, डॉ. नाडगौडा. आमच्या कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा अशीच व्हायची. शेतात चौकोनी खड्डा खणायचा, त्याची एक भिंत सुरीने तासून स्वच्छ करायची आणि विद्यार्थ्याने आत उतरून मातीचे थर वरपासून खालपर्यंत वाचून दाखवायचे. परीक्षक वर, परीक्षार्थी खाली. “डॉक्टर कधी दाराबाहेरून नाडी बघतो का?” हे सरांचं ठरलेलं वाक्य.

मी हात लावला. भिंतीच्या मध्यावर, माझ्या छातीच्या उंचीला, परातीएवढा एक तिरका, गुळगुळीत, चकचकीत भाग होता. आम्ही त्याला आरसा म्हणायचो. वऱ्हाडातली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते. फुगताना तिचे थर आतल्या आत एकमेकांवर घासत सरकतात आणि घासल्या जागी असे आरसे तयार होतात. आरशावर प्रश्न नाही अशी तोंडी आमच्याकडे कधी झालीच नसेल.

“नाव, कारण, पुरावा. चल,” सर म्हणाले.

ही त्यांची शिस्त. आधी नाव, मग कारण, मग पुरावा. क्रम चुकला की गुण गेले, आणि अर्धवट सोडलेलं उत्तर तर त्यांना मुळीच खपत नसे. मी नाव सांगितलं. कारण सांगायला लागले आणि बोटांना गार लागलं. आरशाच्या खालच्या कडेने पाणी येत होतं. भिंत ओली होती हे मला ठाऊक होतं, पण हे पाणी वरून ओघळणारं नव्हतं. ते आतून येत होतं. तेवढ्यात मानेवर मातीचा चुरा पडला.

“पुढे?”

“सर, माती सरकते.”

“ते झालं. पुरावा?”

“सर, मला वाटतं, ही आत्ता सरकते आहे.”

वर दोघेही हसले. नाडगौडा सरांचं हसणं मायाळू होतं. कानटोपी घातलेला, उन्हात डोळे बारीक करणारा म्हातारा माणूस. “मुली,” ते म्हणाले, “आपल्या डोळ्यांदेखत सरकायला माती काय गोगलगाय आहे? ये वर. बरं सांगितलंस.”

मी निसरड्या पायऱ्यांवरून वर आले. आमच्या तुकडीत मी एकटीच मुलगी, म्हणून मला सगळ्यांत आधी उतरवलं होतं. याला पुंडकर सर सौजन्य म्हणायचे.

आता हा खड्डा असा का होता, ते सांगायला हवं. नाडगौडा म्हणजे काळ्या मातीच्या अभ्यासातलं मोठं नाव. ते येणार म्हटल्यावर सरांच्या अंगात आलं. नेहमीचा खड्डा कमरेपेक्षा थोडा खोल असायचा. यंदा तळाचा मुरूम दिसला पाहिजे म्हणून तो दीड पुरुष खोल खणवला. निघालेली माती खरं तर जिथे परीक्षक बसतात त्या बाजूला पडायची, पण तिथे टेबल-खुर्च्या आणि मांडव आला, म्हणून ती समोरच्या बाजूला, वाचायच्या भिंतीच्याच डोक्यावर, ढीग करून टाकली. त्या ढिगापलीकडे गव्हाचा प्लॉट. आणि कोरड्या मातीचा रंग फिका दिसतो, ओली झाली की खरा रंग खुलतो, म्हणून सरांनी भिंतीवर सतत पाण्याचा फवारा मारवला होता. नळी धरायला त्र्यंबक होता. सुरीने आरसा साफ करून चकाकवला तोही त्यानेच. सरांचा लाडका विद्यार्थी म्हटल्यावर ही कामं दुसऱ्या कोणाला मिळणार?

त्र्यंबक इंगोले वाशीमकडचा. उंच, हडकुळा, शर्टाची कॉलर नेहमी एका बाजूने उभी. मला तो आवडायचा, हे सांगून टाकते. त्यात आता लपवायचं काय! त्याला मात्र माती आवडायची. ढेकूळ फोडून नाकाशी धरायचा आणि बायका मसाला पारखतात तसा तोंड वाकडं करून ती कशी आहे ते सांगायचा. नाडगौडा सरांकडे संशोधनासाठी एकच जागा निघणार होती, आणि ती ते तोंडी परीक्षेत स्वतः ऐकून ठरवतात, असं पुंडकर सरांनी त्याला सांगितलं होतं. त्या जागेसाठी तो वर्षभर झपाटला होता. घरी परत जाऊन त्याला कोणाच्या तरी कृषी सेवा केंद्रात खताच्या पिशव्यांमागे बसायचं नव्हतं.

तो बाभळीखाली बसला होता. मला पाहून हसला.

“काय वं प्रमिला, पांढरीफट्ट काऊन पडली? म्हाताऱ्यानं काय इचारलं?”

“त्र्यंबक, ऐक. थ्या आरशातून पाणी येऊन रायलं. आतून.”

“फवाऱ्याचं असंन.”

“फवाऱ्याचं नाई. म्या हात लावून पायलं. अन् मानेवर माती पडली.”

“तुयी मान काय काचेची हाये? माती पडली तं पडली!” मग माझा चेहरा बघून तो जरा थांबला. “हे पाय, काळी माती हाये ते. भिंतीसारखी उभी रायते. तुनं वाचलं नाई का?”

“कोरडी असली तं उभी रायते. तुमी तिले आंघोळ घातली ना!”

“आता मले भेवाडू नको वं,” तो म्हणाला. “माये आधीच हातपाय गार पडले हायेत.”

माझा नंबर झाल्यावर बाकीचे एकेक उतरत होते आणि वर येत होते. त्र्यंबकला शेवटी ठेवलं होतं. शेवटचा घास गोड लागला पाहिजे, म्हणजे परीक्षक खूश होऊन उठतात, हे सरांचं तंत्र. मी दोन विद्यार्थ्यांच्या मधला वेळ साधून टेबलाशी गेले.

“सर, भिंत बरोबर वाटत नाही. आरशातून पाणी येतंय. वर मातीचा ढीगही आहे. बाकीच्यांना वरूनच विचारलं तर?”

पुंडकर सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “टाले, तुझी तोंडी झाली का?”

“झाली सर.”

“मग आता तोंड बंद.”

पोरं हसली. मी नाडगौडा सरांकडे वळले, पण सरच त्यांना म्हणाले, “घाबरली आहे. पहिल्यांदा उतरली ना.” नाडगौडा सरांनी मान पुढे काढून खड्ड्यात पाहिलं. “पुंडकर, ठीक आहे ना ही भिंत?” “सर, इतकी वर्षं इथेच खड्डे घेतोय. आमची माती म्हणजे कातळ.” म्हातारा माणूस परक्या गावी आलेला. यजमानाच्या शब्दावर त्याने मान डोलावली. मला त्या दोघांचाही राग आला, आणि बाभळीखालच्या त्र्यंबककडे बघून हसणाऱ्या पोरांचा तर जास्तच. पालथ्या घड्यावर पाणी ओतून काय होणार होतं?

मी लांबून वळसा घालून गव्हाच्या बाजूला गेले. बघून तरी येऊ, म्हटलं.

गव्हाला पाणी सोडलेलं होतं. त्या दिवशी त्या प्लॉटची पाळी होती आणि पाळी काही तोंडी परीक्षा बघून थांबत नाही. सरीतून पाणी शांतपणे येत होतं, पण प्लॉटच्या खड्ड्याकडच्या टोकाला ते साचत नव्हतं. मी जवळ गेले. ढिगाच्या मागे, गव्हाच्या बांधालगत, जमिनीला एक भेग होती. काळ्या मातीत भेगांचं काय कौतुक! पण त्या भेगा वेड्यावाकड्या असतात, जाळ्यासारख्या. ही एकच होती, सरळ, खड्ड्याच्या भिंतीला समांतर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. सरीतलं पाणी तिच्यात उतरत होतं आणि गडप होत होतं. आवाजही नव्हता. मी गव्हाची एक काडी तोडून तिच्यात खोचली. काडी घट्ट बसली.

ढिगापलीकडून पुंडकर सरांचा आवाज येत होता. “नाव, कारण, पुरावा.” कोणीतरी अडखळत उत्तर देत होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, हसणं, पायऱ्यांवरून कोणी वर आल्याची चाहूल. काही झालं नाही. मला वाटलं, आपणच खुळ्या. मला खरंच तसं वाटलं, आणि बरंही वाटलं. मी सरीचं तोंड मातीने बुजवलं, हात गव्हाला पुसले.

मग भेगेकडे पाहिलं. काडी नव्हती. ती आत पडली होती. मी बोट घातलं, ते सहज गेलं.

मी उठले आणि वळसा घेऊन धावत सुटले. बाभळीखाली त्र्यंबक नव्हता.

तो खाली होता. आणि असं उत्तर देत होता, की बाकीची पोरं काठाशी येऊन ऐकत उभी होती. नाडगौडा सर टेबल सोडून खुर्ची पार काठावर ओढून बसले होते, कोपर गुडघ्यांवर, चेहरा खुललेला. त्र्यंबक सगळे थर वाचून आरशापर्यंत आला होता. नाव सांगून झालं, कारण सांगून झालं. पुस्तकात नसलेलंही तो सांगत होता, त्याच्या गावच्या विहिरीचं बांधकाम कसं दरवर्षी थोडं कलतं ते.

“त्र्यंबक, वर ये!” मी ओरडले. “मागे भेग पडली आहे! सर, भेग आहे मागे, बोट जातं तिच्यात!”

“टाले!” पुंडकर सर उभे राहिले. “परीक्षा चालू आहे!”

“सर, तुम्ही बघा तरी येऊन!”

“या मुलीला कोणीतरी बाजूला घ्या रे.”

कोणी तरी माझा दंड धरला. मी झटकला आणि पायऱ्यांच्या तोंडाशी गेले. दोन पायऱ्या उतरले, हात पुढे केला. त्र्यंबकने माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही. बोट वर करून त्याने खूण केली, थांब जरा.

नाडगौडा सरांनी यातलं किती ऐकलं कोण जाणे. वरच्या सगळ्या गोंधळाकडे त्यांनी हात हलवून गप्प राहायला सांगितलं आणि खाली वाकून विचारलं, “इंगोले, आता एक शेवटचं. आरसा जुना की नवा, हे तू कसं ओळखशील?”

हा प्रश्न आम्हाला कोणी शिकवला नव्हता.

“सर, जुन्या आरशावर मुळं असतात,” त्र्यंबक म्हणाला. “केसासारखी बारीक, दाबून चपटी झालेली. आरसा झाल्यावर मुळं त्याच्यावरून वाढतात, म्हणून.”

“वा! आणि नव्यावर?”

“नव्यावर मुळं तुटलेली दिसतील. टोकं पांढरी, ओली.”

“मग हा कोणता? बघून सांग.”

त्र्यंबक भिंतीकडे वळला. अगदी जवळ गेला. तळवा आरशावर ठेवला आणि मान तिरपी करून पाहिलं. साफ केला तेव्हा त्याने त्यावर काय पाहिलं होतं ते मला ठाऊक नाही. आत्ता काय पाहिलं ते त्याच्या पाठीवरून मला कळलं. त्याचे खांदे ताठ झाले. त्याने पायऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझा हात तसाच पुढे होता. दोन ढांगांचं अंतर असेल.

“सर,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला होता, “हा नवा आहे.”

“कशावरून? पुरावा?”

“त्र्यंबक, सोड ते! ये!” मी म्हणाले.

तो पुन्हा भिंतीकडे वळला. वर्षानुवर्षं अंगात मुरवलेली सवय. विचारलं की उत्तर द्यायचं, आणि पूर्ण द्यायचं. त्याने बोट टेकवलं. “सर, मुळं तुटली आहेत. टोकं पांढरी आहेत. म्हणजे हा आजचा...”

भिंत कोसळली असं मी म्हणणार नाही. कोसळताना गडगडाट होतो. ती आरशावरून नुसती निसटली, आणि वरचा ढीग तिच्यामागोमाग आला. पोतं उतरवल्यासारखा एक धप्प आवाज झाला, आणि खड्डा अर्धा भरला. माझ्या पायाखालच्या पायऱ्यांपर्यंत माती आली. मांडवाचा एक बांबू हळूच कलला.

मी पहिली उतरले. मग पोरं. “काठावर उभं राहू नका, मागे व्हा!” मी ओरडत होते, आणि या वेळी सगळ्यांनी ऐकलं. फावडी होती, पण फावडं मारायचं कुठे? खाली माणूस होता. आम्ही हातांनी उकरलं. ओली काळी माती हाताला चिकटते, सुटत नाही. ओंजळभर काढायला दोनदा हात झटकावा लागतो. पुंडकर सर माझ्या शेजारी गुडघ्यांवर होते. त्यांचा चष्मा कुठे तरी पडला होता. ते एकसारखे म्हणत होते, “इंगोले, बोल. इंगोले, बोल ना.” आयुष्यभर मुलांना बोलायला लावलेला माणूस.

आधी कॉलर दिसली. मग केस. त्याचं तोंड मोकळं केलं, नाकातली माती काढली. छातीभोवती माती घट्ट आवळलेली होती. ती काढेपर्यंत वेळ गेला. दवाखान्याची गाडी आली तेव्हा आम्ही त्याला गव्हाच्या बांधावर निजवलेलं होतं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, तरी मी त्याचे हात चोळत राहिले. त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट सरळ होतं, बाकीची मिटलेली. मी ते कितीदा मिटवायचा प्रयत्न केला.

पुढे चौकशी झाली. आमच्या विभागाने खड्ड्यातली तोंडी बंद केली. पुंडकर सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. मी मृदाशास्त्रातच राहिले, शिकवलं, मुलांच्या परीक्षा घेतल्या. लोक विचारतात, तेव्हा तुझं ऐकलं असतं तर, असं वाटत नाही का? वाटतं. रोज वाटतं. पण मला त्यापेक्षा जास्त त्रास होतो तो त्या बांधावर ऐकलेल्या एका बोलण्याचा.

गाडी निघून गेली होती. पोरं इकडेतिकडे बसली होती, कोणी रडत होतं. पुंडकर सर उकरून रक्ताळलेले हात मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत होते. नाडगौडा सर एका मोठ्या ढेकळावर बसले होते, कानटोपी हातात, पांढरे केस विस्कटलेले. कोणी तरी दिलेला पाण्याचा पेला त्यांनी तसाच धरला होता.

“पुंडकर,” ते म्हणाले, “त्या मुलाची निवड मी केव्हाच केली होती. तो दुसऱ्या थरावर होता, तेव्हाच.”

सरांनी वर पाहिलं.

“मग मी त्याला वर का नाही बोलावलं?” नाडगौडा सर म्हणाले. ते आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हते. “इतकं छान सांगत होता. मला ऐकत राहावंसं वाटलं.”